दुरुस्ती छापतेय, सुनंदा

सुनंदा, तुझ्या गल्लीच्या तोंडाशी तुझा फ्लेक्स लावला होता. कांजूरमार्गच्या त्या गल्लीत कोणी वारलं की फ्लेक्स लागतोच, त्यात नवल नाही. तुझ्याच भावाने लावला. पण त्यावरचा फोटो बघून माझं डोकंच फिरलं. सतरा वर्षांपूर्वी आमच्या पेपरात छापलेला तोच फोटो. मान खाली, पदर खांद्यावर ओढलेला, नजर जमिनीत गेलेली. आणि खाली हे मोठं अक्षर, ‘आयुष्यभर सोसत राहिलेली माउली’. माउली! तू! नळावर शेजारणीने बादली पुढे सरकवली म्हणून तिच्या कळशीला लाथ घालणारी तू. त्या फोटोत तू बाकाखाली गेलेली चप्पल शोधत होतीस, हे तुला आणि मलाच माहीत होतं. आता एकट्या मलाच.

तुला जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. मरोळच्या इंडस्ट्रियल एस्टेटमध्ये पॅकिंगच्या टेबलाशी उभी असताना कोसळलीस. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले. ॲम्ब्युलन्स गेटवर येईपर्यंत सगळं संपलं होतं. तुझ्या लेकीने, प्राचीने, डॉक्टरांना विचारलं, आई पूर्वी डोक्याला खूप मार खायची, त्याचं तर नसेल? डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांनी सांगता येत नाही. मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका पोराशी बातमीवरून भांडत होते. तुझ्याशी भांडायचं मात्र राहूनच गेलं गं. आपलं एक भांडण सतरा वर्षं चालू होतं, आणि त्यात तुझंच खरं होतं.

आपली ओळख पोलीस ठाण्याच्या बाकावरची. मी क्राइम बीटवर नवी होते. मुलुंडचं बँकवाल्यांचं घर माझं, तिथे आवाज चढला तरी आई खिडक्या लावून घ्यायची. माणूस माणसाला खरोखर कसा मारतो हे मी पाहिलेलंच नव्हतं. सकाळची वेळ होती. तू माझ्याकडे पाठ केलीस आणि ब्लाउज वर सरकवलास. माझ्या हातातलं पेन खाली पडलं. जुन्या वळांवर नवे वळ, काही काळे, काही अजून ओले. मानेभोवती निळा पट्टा, कारण त्या सकाळी नवऱ्याने पाइप गळ्याला लावून पिळला होता. पाणी भरायच्या हिरव्या पाइपचा हातभर तुकडा कापून त्याने दारामागे खिळ्याला टांगून ठेवला होता. दारू नाही, सिगारेट नाही, चाळ कमिटीचा सेक्रेटरी. ऑफिसातून यायचा, हातपाय धुवायचा, चहा प्यायचा, कप विसळून ठेवायचा आणि मग पाइप काढायचा.

मी सगळे विचारतात तोच प्रश्न विचारला, "मग तुम्ही काय केलंत?"

तू माझ्याकडे असं बघितलंस की ही कुठून आली. म्हणालीस, "काय केलंय? चावलंय!"

आणि मग तू सांगत सुटलीस. पाइपचा हात वर गेला की तू तोच हात धरायचीस. एकदा मनगटाच्या वर असे दात रोवलेस की तो तुझं डोकं भिंतीवर आपटत राहिला आणि तू सोडलं नाहीस. तोंडात रक्त आलं, त्याचं की तुझं ते कळेना, तरी सोडलं नाहीस. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने सांगितलं, गल्लीत कुत्रा चावला. साहेब भला माणूस, त्याने ताबडतोब दवाखान्यात पाठवलं. बायको चावली म्हणायची लाज, म्हणून त्या गृहस्थाने पिसाळलेल्या कुत्र्याची सगळी इंजेक्शनं गपचूप टोचून घेतली. एकही चुकवलं नाही. हे सांगताना पोलीस ठाण्याच्या बाकावर, फुटलेल्या ओठाने, तू खो खो हसलीस. हवालदारसुद्धा वळून बघायला लागला.

दुसऱ्या वेळी चुलीवरची, म्हणजे गॅसवरची, पेज उकळत होती ती त्याच्या छातीवर ओतलीस. आणि शेवटी वरवंटा. त्याने तुला केसांनी धरून मोरीत पाडलं, बरगडीत लाथा घातल्या, एक बरगडी मोडली. तू हाताला आला तो वरवंटा त्याच्या पायावर घातलास. तीन बोटांचा चुरा. चाळीत सांगितलं, हे नळावर घसरले. आपण भेटलो त्या दिवशी तो पोलीस ठाण्यातून बाहेर पडला तेव्हा लंगडत चालला होता, मी डोळ्यांनी बघितलं. वहीत लिहूनही घेतलं.

बातमी छापून आली, ‘बारा वर्षे सोसला पतीचा अमानुष छळ’. त्यात पाइप होता, वळ होते, मानेवरचा पट्टा होता. दात नव्हते, पेज नव्हती, वरवंटा नव्हता, लंगडणं नव्हतं. वाचकांची पत्रं आली, डोळ्यांत पाणी आलं म्हणून. संपादकांनी माझी पाठ थोपटली. मी खूश, यार. वाटलं, आपण एका बाईसाठी काहीतरी केलं.

तिसऱ्या दिवशी तू ऑफिसात आलीस. मानेवरचा पट्टा आता पिवळा पडला होता. पेपरची गुंडाळी माझ्या टेबलावर अशी आपटलीस की चहा सांडला.

"कित्याक खोटा लिवलंस गो?"

"काय खोटं लिहिलं सुनंदाताई?"

"मी काय दगड आसंय सोसूक? तेका चावलंय, भाजलंय, त्याची बोटां फोडलंय. ता सगळा खंय गेला?"

अख्खं ऑफिस ऐकत होतं. मी हळूच म्हटलं, "डेस्कवर बातम्या तपासतात ना, त्यांनी कापलं हो. जागा कमी होती."

तू पान उलटलंस. खाली कोपऱ्यात छोटी चौकट होती. आदल्या दिवशी कोणाचं तरी आडनाव चुकीचं छापलं होतं, त्याची दुरुस्ती. त्या चौकटीवर बोट ठेवून म्हणालीस, "ह्याचं आडनाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी छापता. माझं अख्खं भांडण चुकलंय. दुरुस्ती छाप."

मी हो म्हटलं. छापली नाही. तू निघताना जिन्यावरून ओरडलीस, "फटकी येवो तुझ्या पेपराक!" आणि आमच्या पेपरला त्या वर्षी खरंच वाईट दिवस आले, ते जाऊ दे.

आमच्या धंद्यात हा शब्द फार सोयीचा आहे, सुनंदा. उकाडा मुंबईकर सोसतात, डम्पिंगच्या कचऱ्याचा वास कांजूरकर सोसतात, मार बायका सोसतात. रोज कुठल्या ना कुठल्या पानावर कोणीतरी काहीतरी सोसत असतं. एकदा ते लिहिलं की बातमी भरल्यासारखी वाटते. मारणारा कोण, कशाने मारलं, किती वेळ मारलं, हे पुढे कोणी विचारत नाही. आणि तिने काय केलं हे तर मुळीच नाही. सोसणारी बाई वाचकाला सकाळच्या चहाबरोबर चालते. चावणारी बाई छापली की फोन येतात, "मग दोघेही सारखेच की!" मी सतरा वर्षं ही नोकरी केली, हजार वेळा तो शब्द लिहिला असेन, आणि दर वेळी मला तुझी सांडलेल्या चहावरची ती गुंडाळी आठवायची. तरी लिहायचे. सवय, दुसरं काय.

तू मात्र मला सोडलं नाहीस. ताईवरून एकेरीवर कधी आलो ते आठवत नाही. नवरा केसच्या भानगडीत गावाला पळाला, तिकडेच लंगडत राहिला आणि तिकडेच मेला. तू मरोळला कामाला लागलीस, प्राचीला वाढवलंस. मालाडला एका मोर्चाच्या रेटारेटीत मला कोणीतरी पाडलं आणि हात मोडला, तेव्हा तू कामावरून सुटल्यावर डबा घेऊन मुलुंडला आलीस. बांगड्याचं तिखलं होतं. माझ्या प्लास्टरकडे बघून विचारलंस, "तू किती जणांक मारलंस?" मी म्हटलं, एकालाही नाही. तू डब्याचं झाकण परत लावलंस आणि निघालीस. खरंच निघालीस! माझ्या आईने हाताला धरून परत आणलं. नंतर तुझा हात माझ्या कपाळावर होता आणि तू बडबडत होतीस, ह्या पोरीचं कसं व्हायचं. माझ्या सख्ख्या आईला कधी सुचलं नाही असं ते बोलणं होतं. त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही, आज म्हणते. तू होतीस म्हणून मी थोडीतरी निगरगट्ट झाले.

प्राचीला तू यातलं काहीच सांगितलं नव्हतंस. पाइप खिळ्यावरून निघाला की तू तिला शेजारच्या खोलीत टीव्ही बघायला पाठवायचीस. तिने आईच्या पाठीवरचे वळ पाहिले होते, बाकी तिला कळलं ते पेपरातून. बाबा नळावर घसरले. बाबांना कुत्रा चावला. त्या कुत्र्याची तिने अशी धास्ती घेतली की मोठी होऊन कॉलेजात गेली तरी गल्लीतलं एखादं मरतुकडं कुत्रं दिसलं की माझा दंड पकडायची. मी तुला म्हणायचे, सांग ना तिला. तू म्हणायचीस, "पोरीक काय सांगू? बापाक भाजलंय म्हणून? ती पेपर मानते. छापून आलेलं छापूनच खोड तू."

मग तिचं लग्न ठरायला लागलं, आणि त्या कात्रणाने खरी वाट लावली. बाप सोडून गेलेली पोरगी, लोक विचारणारच. तुझ्या भावाने ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं आणि स्थळं येतील तिथे दाखवत सुटला. बघा, बाईची चूक नव्हती, पेपरात आलंय, बारा वर्षं सोसलं. बोरिवलीच्या एका स्थळाला ते फार आवडलं. अशा घरातली मुलगी म्हणजे संस्कार आलेच. लग्न झालं, कात्रण त्यांनी ठेवून घेतलं.

दीड वर्ष प्राची तिथे मार खात होती. पाइप नव्हता, नवरा हाताने आणि मुठीने मारायचा. स्वयंपाकघरात, दार लावून. एकदा पोटात मारलं तेव्हा ती दोन तास ओट्याखाली पडून होती. ती सासूकडे गेली की सासू कपाटातून ते कात्रण काढायची. "हे वाच. तुझ्या आईने बारा वर्षं काढली. तुला दीड वर्षात जड झालं?" आणि ही पोर वाचायची गं! वाचायची आणि गप्प बसायची. कानाखाली अशी बसली की पडदा फाटला, रक्त उशीवर आलं, तेव्हा दवाखान्यातून तिने तुला फोन केला. तेव्हाही येते म्हणाली नाही. म्हणाली, "आई, तू एवढं सोसलंस, मी कोणत्या तोंडाने येऊ?"

तू मला फोन केलास. आवाज अगदी शांत होता, त्यानेच मी घाबरले. "तुझ्या बातमीन माझ्या पोरीक मारल्यान. चल."

शनिवारची दुपार. कांजूरहून बोरिवलीपर्यंत रिक्षात तू मांडीवर एक कापडी पिशवी घट्ट धरून बसली होतीस. मला वाटलं लाडू वगैरे असतील, इतकी मी अजून भाबडी. सातव्या मजल्यावरचा चकाचक हॉल. सासूने या बसा केलं. तू बसली नाहीस. पिशवीतून वरवंटा काढलास आणि काचेच्या टीपॉयवर ठेवलास. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली.

"पोरीची बॅग भरा," तू म्हणालीस.

प्राची आत धावली. जावई पुढे आला, त्याने तुझा दंड पकडला, जोरात. तुझ्या दंडावर त्याची बोटं उमटलेली मी बघत होते.  तू वरवंटा टीपॉयवरून वीतभर उचललास आणि त्याच्या पायांकडे बघितलंस. त्याने दंड सोडला. मागे सरकताना सोफ्याला अडखळला. मी त्या वेळी काय केलं? उभी होते, प्लास्टरच्या पुतळ्यासारखी.

परतताना प्राची मधे बसून डोळे मिटून होती, कानात कापूस. तू तिच्या डोक्यावरून मला म्हणालीस, "आता तरी छाप."

"आता तिची केस उभी राहील सुनंदा. तुझं मारणं छापलं तर त्यांचा वकील तेच उचलेल."

"केस गेली तेल लावत. पोरगी कागद वाचून मरत होती."

"बघते," मी म्हटलं. बघते म्हणजे नाही, हे तुला कळत होतं. तू तोंड फिरवलंस आणि कांजूर येईपर्यंत बाहेर बघत राहिलीस. गेल्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. त्यानंतर आपण भेटलो, जेवलो, हसलो, पण त्यावर तू पुन्हा बोलली नाहीस. ते न बोलणं मला जास्त लागलं.

आणि परवा तुझा बारावा. बोरिवलीची सासू आली, पांढरी साडी नेसून. तिने तुझ्या फोटोपुढे फुलं वाहिली आणि पर्समधून काय काढलं असेल? तेच लॅमिनेट केलेलं कात्रण. फुलांशेजारी टेकवून ठेवलं. म्हणाली, "किती सोशीक होत्या. प्राची, आता तू एकटी कुठे राहणार? त्यांचा आदर्श समोर ठेव. चल घरी. त्याचाही राग शांत झालाय." तुझा भाऊ मान डोलावत म्हणाला, बरोबर बोलतायत त्या. बाईमाणूस एकटी, जग वाईट.

प्राची त्या कात्रणाकडे बघत बसली होती.  मग अगदी हळू म्हणाली, "बॅग भरते."

 तू असतीस तर वरवंटा आणला असतास. माझ्याकडे वरवंटा नव्हता. माझ्याकडे होतं ते मी सतरा वर्षं दाबून ठेवलेलं.

मी म्हटलं, "प्राची, थांब. ते कात्रण खोटं आहे. मीच लिहिलंय, मला माहीत आहे."

आणि सगळं सांगितलं. मोरी, बरगडी, वरवंटा, तीन बोटं. पेज. तुझा भाऊ म्हणाला, आजच्या दिवशी हे काय काढलंत? मी म्हटलं, गप बसा हो. प्राची ऐकत होती. मग मी दात रोवल्याचं सांगितलं, ऑफिसातल्या साहेबाचं सांगितलं, इंजेक्शनांचं सांगितलं.

"म्हणजे तो कुत्रा?" तिने विचारलं.

"कुत्रा नव्हताच गं. तुझी आई होती."

 मग प्राचीच्या घशातून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. तुझ्यासारखंच, खो खो, पोट धरून, डोळ्यांतून धारा लागलेल्या. सासू "शी, काय हे!" म्हणाली. प्राची हसता हसता विचारत होती, "सगळी घेतली बाबांनी? सगळी इंजेक्शनं?" आणि मग हसू थांबलं, आणि ती माझ्याकडे वळली. "मग पेपरात का नाही आलं हे?"

तुला दिलं तेच उत्तर जिभेवर होतं. डेस्कने कापलं. पण आता त्या डेस्कवर मीच बसते, ढकलायला कोणी उरलं नाही. आणि तेव्हाही कोणी नव्हतं. कोणी काही कापलं नव्हतं, सुनंदा. वहीतलं सगळं मी आधी टाइप केलं होतं. मग वाटलं, ही बाई लोकांना आवडणार नाही. तुझी दया येणार नाही. म्हणून दात, पेज, वरवंटा माझ्या हाताने खोडलं आणि सोसला हा शब्द घातला. तुझं भलं करतेय असं वाटलं. नंतर कळलं, पण तोपर्यंत मी तुला डेस्कचं सांगून बसले होते, आणि दुरुस्ती छापायची तर ते खोटंही छापावं लागणार होतं. एवढ्यासाठी तुझी पोर दीड वर्ष मार खात राहिली. शिव्या दे मला. तुझ्या शिव्या आता ऐकायला मिळणार नाहीत याचंच रडू येतंय.

हे मी प्राचीला जसंच्या तसं सांगितलं.  तिने मला माफ केलं नाही. तिने फोटोपुढचं कात्रण उचललं, सासूच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे तुम्हीच ठेवा. आणि तुमच्या मुलाला सांगा, मी आईवर गेलेय."

मग स्वयंपाकघरातून सुरी घेतली आणि खाली उतरली. मी मागोमाग. गल्लीच्या तोंडाशी स्टुलावर चढून तिने तो फ्लेक्स वरून खालपर्यंत फाडला, माउली एकीकडे, सोसत एकीकडे. तुझा चेहरा मात्र नीट कापून घेतला. खाली, त्याच फ्लेक्सच्या सावलीत, गल्लीतला पिवळा कुत्रा पसरला होता. प्राची स्टुलावरून उतरली तेव्हा तो तिच्या पायांतच होता. मी सवयीने दंड पुढे केला. तिने धरला नाही. कुत्र्याला म्हणाली, "सरक रे जरा," आणि त्याला ओलांडून घरी गेली.

तर हे घे. उशीर झाला गं. प्राचीला वाचून दाखवलंय, ती म्हणाली एक अक्षर कमी करू नकोस.

दुरुस्ती: सतरा वर्षांपूर्वी याच पेपरात सुनंदा हिने बारा वर्षे पतीचा छळ सोसला, असे छापले होते. ते चूक आहे. तिच्या नवऱ्याने तिला बारा वर्षे पाण्याच्या पाइपने मारले. ती त्याला चावली, तिने त्याला उकळत्या पेजेने भाजले आणि वरवंट्याने त्याच्या पायाची तीन बोटे फोडली. हा मजकूर जागेअभावी कापला गेला नव्हता. तो बातमीदाराने स्वतः खोडला होता.